जुन्या पिकअप गाडीची निगा आणि घरगुती दुरुस्ती

शेतमाल उत्तम पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर व सुस्थितीत बाजारपेठेत पोहोचविणेही महत्त्वाचे आहे. टोमॅटो, पालेभाज्या, फुले यांसारखा नाशवंत माल बाजाराची वेळ चुकली म्हणजे कवडीमोल होतो. पूर्वी वाहतुकीचे हे काम बैलगाडी करीत असे. आता अनेक गावांत ते छोट्या मालवाहू पिकअप गाडीने उचलले आहे. १९८८ साली टेल्को कंपनीने ‘टाटामोबाईल’ ही गाडी बाजारात आणली. त्यानंतरच्या काळात निरनिराळ्या कारखान्यांच्या पिकअप गाड्या ग्रामीण भागात पसरल्या. त्यांपैकी बरीच वर्षे सेवा केलेल्या कित्येक गाड्या अद्याप शेतकऱ्यांच्या अंगणात उभ्या आहेत.

अशी जुनी गाडी काहीजण गरज म्हणून ठेवतात, तर काहीजण केवळ आवड म्हणून. तिची बांधणी साधी असते. इंजिनात विद्युत्-यंत्रणेची गुंतागुंत कमी असते आणि बरीचशी कामे साध्या पान्यांनी करता येतात. त्यामुळे सवडीच्या वेळी गाडी स्वतः उघडून पाहण्याची व दुरुस्त करण्याची गोडी अनेक तरुण शेतकऱ्यांस लागते. ही गोडी स्वागतार्ह आहे. परंतु ज्या गाडीची दुरुस्ती मालक हौसेने करतो, तीच गाडी दोन दिवसांनी माल भरून घाट उतरणार असते. अर्धवट आवळलेला एक नट किंवा जुने झालेले ब्रेकचे तेल मालकाच्याच नव्हे, तर रस्त्यावरील इतरांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणून या छंदाला ज्ञानाची व शिस्तीची जोड असणे अगत्याचे आहे.

नोंदवही

पहिले साधन पाना नव्हे, तर वही होय. जुनी गाडी घेतल्यावर तिच्या मालकासाठी कारखान्याने छापलेली पुस्तिका मिळवावी. तेलाचा प्रकार, त्याचे प्रमाण, टायरमधील हवेचा दाब व नट आवळण्याचे माप या बाबी प्रत्येक गाडीस वेगवेगळ्या असतात. त्या ऐकीव माहितीवर ठरवू नयेत.

वहीत प्रत्येक कामाची तारीख, मीटरवरील किलोमीटर व बदललेल्या भागाचा क्रमांक लिहावा. डिझेलचा हिशेबही ठेवावा. टाकी काठोकाठ भरून ४२० किलोमीटर गेल्यावर ती पुन्हा काठोकाठ भरण्यास ३५ लिटर डिझेल लागले, तर गाडी लिटरला १२ किलोमीटर चालली असे समजावे. रस्ता व भार तोच असूनही हा आकडा हळूहळू घसरू लागला, तर हवेचा गाळणा, ब्रेक, टायर किंवा डिझेलची यंत्रणा यांत कोठेतरी बिघाड आहे, अशी सूचना वहीतून मिळते.

कामाची जागा व जिवाची सुरक्षितता

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक नियम कायमचा मनावर ठसवावा. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये. जमीन सपाट व टणक असावी. उचलायचे नाही त्या चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडी उचलल्यावर ती भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी. विटांची किंवा सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची चळत स्टँड म्हणून वापरू नये. वीट भाराखाली अकस्मात फुटते व सावरण्यास अवधी मिळत नाही. शेतातील भुसभुशीत मातीवर काम करण्याचा प्रसंग आलाच, तर स्टँडखाली जाड फळी घालावी.

काम करताना घरातील दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. लहान मुलांना गाडीजवळ खेळू देऊ नये. इंजिन चालू असताना पंख्याजवळ धोतराचा सोगा, उपरणे, ओढणी किंवा सैल बाही जाणार नाही याची काळजी घ्यावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायू प्राणघातक असतो.

वंगण

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय जाणता शेतकरी लांबच्या प्रवासास निघत नसे. मोटारगाडीसही तोच न्याय लागू आहे. इंजिनातील तेल रोज सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना व इंजिन थंड असताना पाहावे. पट्टी पुसून पुन्हा आत घालावी व तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे की नाही ते बघावे. वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल भरणे हेही हानिकारकच आहे.

डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे होते. केवळ काळेपणावरून ते खराब झाले असे मानू नये. मात्र ते दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी बंद ठेवावी. तेलाची पातळी आपोआप वाढत असेल व त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात उतरत आहे असे जाणावे. तेल पुस्तिकेत दिलेल्या अंतरानंतर बदलावे. गाडी कमी चालत असली, तरी मुदत संपल्यावर ते बदलणेच इष्ट. तेलाबरोबर त्याचा गाळणाही बदलावा. नव्या तेलात जुना गाळणा ठेवणे म्हणजे धुतलेल्या घागरीत गढूळ पाणी भरणे होय.

गिअरपेटी व मागील हाउसिंगमधील तेलाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्यांची भरण्याच्या बाजूची बूचे उघडून पातळी तपासावी. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, कमानपाट्यांच्या पिना व स्टिअरिंगचे सांधे यांना जेथे निपल असतील तेथे ग्रीसगनने ग्रीस भरावे. निपल आधी फडक्याने स्वच्छ पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. पावसाळ्यात पाण्यातून व चिखलातून गाडी गेल्यास हे काम लवकर करावे.

काढलेले जुने तेल जमिनीवर, नाल्यात किंवा विहिरीजवळ कदापि ओतू नये. ते माती व पाणी दोन्ही नासवते. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

इंजिनाचा थंडावा

कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असले म्हणजे चुलीवरील पातेल्यात जसा पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरमध्ये व इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत धरतो. त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट व शुद्ध केलेले पाणी पुस्तिकेतील प्रमाणात मिसळून भरावे. कूलंटमुळे आतील धातू गंजत नाही व पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल चुकीची आहे. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेवर येत नाही, डिझेल अधिक जळते आणि तापण्याचे मूळ कारण झाकले जाते.

भुसा, किडे व धूळ यांनी रेडिएटरची जाळी बुजली असल्यास ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस हलक्या धारेच्या पाण्याने धुवावी. पंख्याचा पट्टा भेगाळलेला किंवा सैल असल्यास बदलावा अथवा ताणून घ्यावा.

वाटेत काटा लाल खुणेकडे गेला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते व झाकण सैल होताच वाफेसह उसळून चेहरा व हात भाजते. इंजिन पुरते थंड झाल्यावरच जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम थार पाणी ओतल्यास त्याचे हेड तडकण्याचा संभव असतो. पाणी पुन:पुन्हा कमी होत असेल व रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घेऊन जाणत्या कारागिरास दाखवावे.

हवा, डिझेल व धूर

मळणीच्या दिवसांत व कच्च्या रस्त्यावर हवेत धूळ फार असते. ही धूळ वाळूच्या बारीक कणांची असते. ती इंजिनात शिरल्यास पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर पानसाच्या कागदाने घासल्याप्रमाणे झिजतात. म्हणून हवेचा कागदी गाळणा वेळोवेळी काढून हलक्या दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकावा. फाटलेला गाळणा तत्काळ बदलावा. काही जुन्या गाड्यांत तेलाच्या भांड्याचा गाळणा असतो. त्यातील गाळ साचलेले तेल टाकून भांडे धुवावे व खुणेपर्यंत नवे तेल घालावे.

डिझेल गाळण्याच्या तळाशी साचलेले पाणी ठराविक दिवसांनी बूच सैल करून काढावे. टाकी रिकामी झाल्यास किंवा गाळणा बदलल्यास नळ्यांत हवा अडकते व इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून एकसंध डिझेल येऊ लागले म्हणजे स्क्रू आवळावा. इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतील दाब अतिशय मोठा असतो. तेथील गळती बोटाने कधीही चाचपू नये. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते व हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

धुराचा रंग हा इंजिनाच्या प्रकृतीचा निदर्शक आहे. काळा धूर डिझेलच्या मानाने हवा कमी पडत असल्याचे दर्शवितो. हवेचा गाळणा बुजणे, इंजेक्टर बिघडणे किंवा भार अतिरिक्त असणे ही त्याची नेहमीची कारणे होत. निळसर धूर म्हणजे इंजिनातील तेल जळत आहे. थंडीत पहाटे थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर विशेष चिंतेचा नाही. परंतु इंजिन तापल्यावरही तो चालूच राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी यांची शंका घ्यावी.

ब्रेक व घाटाचा उतार

जुन्या गाडीत सर्वांत अधिक दक्षता ब्रेकविषयी बाळगावी. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. माळशेज किंवा कसारा यांसारख्या घाटात भरलेली गाडी सारखा ब्रेक दाबून उतरविली, तर ब्रेक तापून हे तेल उकळते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवीत नाही. मग पायाखालचे पेडल एकाएकी फळीला टेकते. गावच्या सपाट रस्त्यावर जो ब्रेक उत्तम वाटत होता, तोच घाटाच्या मध्यावर नाहीसा होतो. म्हणून ब्रेकचे तेल सामान्यत: दर दोन वर्षांनी पूर्णपणे बदलावे. त्याऐवजी इंजिनाचे किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल घालू नये. त्यामुळे आतील रबरी वॉशर फुगतात व सर्व यंत्रणा निकामी होते.

घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून अथवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देण्याची सवय प्राणघातक आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला साह्य करणारा बूस्टर थोड्याच वेळात निरुपयोगी होतो व पेडल दगडासारखे घट्ट लागते. किल्ली काढल्यास स्टिअरिंगही अडकू शकते. वाचलेल्या डिझेलचे मोल जिवापेक्षा मोठे नाही.

पेडल मऊ लागणे, ते हळूहळू खाली जाणे, गाडी एका बाजूस ओढणे, ब्रेकच्या तेलाची पातळी कमी होणे किंवा चाकाच्या आतील बाजूस ओल दिसणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दोष दूर होईपर्यंत गाडीत माल भरू नये. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

टायर, बॅटरी व वायरी

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असल्यास तो टायर मोटारगाडीस कायद्याने चालत नाही. परंतु नक्षी शाबूत असूनही रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची खूण असते. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुने टायर विकत घेताना ही खूण अवश्य वाचावी. हवा टायर थंड असताना तपासावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

बॅटरी काढताना ऋण बाजूची तार प्रथम सोडावी व बसविताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी किंवा काडी ओढू नये. पूर्ण भारित व काही तास विश्रांती दिलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत गेला नाही, तर बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा. फ्यूज उडाल्यास त्या जागी तार गुंडाळू नये. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि फ्यूजच्या जागी बसविलेली तार यांतून उभ्या गाडीस आग लागू शकते.

गंज

शेतकऱ्याच्या गाडीस गंजाचे भय अधिक असते. युरिया व इतर रासायनिक खतांच्या फाटक्या पोत्यांतून सांडलेले कण हौद्याच्या सांध्यांत बसतात, ओलावा ओढतात व पत्रा खातात. खत उतरविल्यावर हौदा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावा व पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. गंजलेली जागा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून तीवर रेड ऑक्साइड व नंतर रंग द्यावा. गंजावरच रंग फासल्यास तो आतल्या आत वाढत राहतो.

चेसिसचे दांडे टोकदार हत्याराने टोचून पाहावेत. इंजिन बदलता येते, गिअरपेटी बदलता येते, पण चेसिस पोखरली गेली असल्यास गाडी कितीही आवडती असली तरी तिला रस्त्यावरून निवृत्त करणे हाच शहाणपणा होय.

स्वतः काय करावे व काय करू नये

तेल, गाळणे, पट्टे, ग्रीस, बॅटरी, दिवे, वायपर, गंज काढणे व रंग देणे ही कामे थोड्या सरावाने कोणासही साधतात. सुटे केलेले भाग क्रमाने मांडावेत व प्रत्येक ठिकाणचे बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवावेत. काम संपल्यावर डब्यात एखादा बोल्ट उरला, तर गाडी सुरू न करता त्याची जागा आधी शोधावी.

ब्रेक व स्टिअरिंग यांचे काम प्रथम अनुभवी कारागिराच्या हाताखाली शिकावे आणि स्वतः केलेले काम त्याच्याकडून तपासून घ्यावे. इंजेक्शन पंप घरी उघडू नये. काही इंजिनांत टायमिंगचा दातेरी पट्टा असतो. तो तुटल्यास पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. हा पट्टा केव्हा बदलला याची नोंद जुन्या मालकाकडे नसेल, तर तो बदलून घेणेच श्रेयस्कर. गावातील मिस्त्रीशी स्नेह ठेवणे हा या छंदाचा आवश्यक भाग आहे. त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये खाजगी वापराच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पिकअपची नोंदणी मालवाहू म्हणून असल्यास तिला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर किंवा वऱ्हाडी बसविणे बेकायदा तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे ते क्रूरपणाचे आहे. हौद्यात बसलेल्या माणसास धरण्यास आधार नसतो. गाडी उलटली म्हणजे संपूर्ण कुटुंबे उद्ध्वस्त होतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावणी, तोडणी व लग्नसराईच्या दिवसांत ही गोष्ट आवर्जून सांगावी.

तपासणीचे वेळापत्रक

रोज इंजिनाचे तेल, कूलंट, ब्रेकचे तेल, टायर व दिवे पाहावेत आणि गाडी उभी होती त्या जागी जमिनीवर काही ठिबकले आहे काय ते न्याहाळावे. दर आठवड्यास टायरमधील हवा मोजावी व पट्टे पाहावेत. दर महिन्यास ग्रीस, बॅटरी, हवेचा गाळणा व डिझेलमधील पाणी या बाबी बघाव्यात. पावसाळ्यापूर्वी ब्रेक, वायपर, टायर व गंज यांची तपासणी करावी. पावसाळा संपल्यावर, खरिपाचा माल बाजारात जाऊ लागण्यापूर्वी, सर्व गाडी एकदा धुवून खालून वरपर्यंत तपासावी. दसऱ्यास गाडीला हार घालण्याची चाल सर्वत्र आहे. ती तपासणी दसऱ्यापूर्वी पूर्ण झाली, तर पूजाही सार्थकी लागेल.

शेतकरी बंधूंनी जुन्या गाडीवर जरूर प्रेम करावे, तिची रचना समजून घ्यावी व आपल्या मुलांनाही ती समजावून द्यावी. बैलाच्या खांद्यावर सूज दिसली तर जाणता शेतकरी त्या दिवशी त्याला जू लावीत नाही. गाडीने दोष दाखविला असता तिच्याविषयीही हाच विवेक बाळगावा. माल एक दिवस उशिरा गेला तर नुकसान होईल, परंतु ते पुढील हंगामात भरून काढता येईल.